एकच फाइल, दोन उत्तरं: तफावतीचं विघटन करताना नेमकं काय मोजलं जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका कंपनीच्या पगारपत्रकावर तुम्ही वाहाका-ब्लाइंडर विघटन चालवलंत, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाचे 'उलगडणारा' आणि 'न उलगडणारा' असे दोन भाग पाडणारी पद्धत. स्त्री-पुरुषांच्या सरासरी पगारातल्या फरकापैकी साधारण सत्तर टक्के भाग शिक्षण, अनुभव, विभाग आणि ग्रेड यांनी उलगडतो असं तुम्हाला दिसलं. सहकाऱ्याने त्याच फाइलवर तीच पद्धत वापरली आणि त्याच्याकडे चाळीसच टक्के आले. मग चुकलं कोण? आणि जो भाग उलगडत नाही तो भेदभाव, असं अहवालात लिहायचं का?

बहुधा कोणीच चुकलेलं नाही. तुम्ही दोघांनी नकळत दोन वेगळे प्रश्न विचारले आणि दोघांना आपापल्या प्रश्नाची बरोबर उत्तरं मिळाली. हे पटवायला मी पगार थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि एक जुना, सगळ्यांना मोकळा असलेला डेटा घेतो. त्यातला हिशेब कागद-पेन्सिलीने होतो, आणि कागदावर एकदा केला की सॉफ्टवेअर आत काय करतंय ते कायमचं कळतं.

1973 च्या शरद सत्रासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी 8442 पुरुषांनी आणि 4321 स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी 35 टक्क्यांना. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या तिघांनी 1975 मध्ये 'सायन्स'मध्ये त्याची चिरफाड केली. सिम्प्सनच्या विरोधाभासाचं (एकूण आकड्यांत दिसणारा कल गट पाडले की नाहीसा होतो किंवा उलटतो, त्याचं) उदाहरण म्हणून ती गोष्ट प्रत्येक वर्गात सांगतात आणि 'विभागवार पाहिलं तर भेदभाव गायब' म्हणून तिथेच सोडून देतात. मला ती तिथे सोडवत नाही, कारण खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

सर्वांत मोठ्या सहा विभागांचे आकडे 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आयते मिळतात, ए ते एफ अशा नावांनी. या सहांत 2691 पुरुषांपैकी 1198 जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे 44.5 टक्के. 1835 स्त्रियांपैकी 557 जणींना, म्हणजे 30.4 टक्के. तफावत 14.2 टक्के-बिंदूंची. आता आत डोकावू. ए विभागात 825 पुरुषांनी अर्ज केले, 62 टक्के आत गेले. 108 स्त्रियांनी केले, 82 टक्के आत गेल्या. बी विभागात स्त्रियांचे अर्ज अवघे 25, त्यातल्या 17 जणींना प्रवेश; पुरुषांचे अर्ज 560, दर 63 टक्के. उलट एफ विभागात दोघांचेही दर सहा-सात टक्के. पुरुषांपैकी अर्ध्याहून जास्त जण ए आणि बी या सोप्या दारांशी उभे होते, स्त्रियांपैकी जेमतेम सात टक्के. बाकीच्या सगळ्या जणी अवघड दारांशी.

म्हणजे तफावतीचे दोन घटक. एक, कोण कोणत्या दाराशी उभं आहे. याला मी 'रचना' म्हणतो. दुसरा, एकाच दाराशी दोघांना मिळणारी वागणूक. याला 'दर' म्हणू. ही फोड एव्हलिन किटागावा या शिकागो विद्यापीठातल्या लोकसंख्याशास्त्रज्ञ बाईंनी 1955 मध्ये नीट मांडली. अर्थशास्त्रज्ञांना ती अठरा वर्षांनी सुचली, तरी नाव मात्र त्यांचंच लागलं. त्यामुळे मी शक्य तिथे किटागावांचं नाव आधी घेतो.

हिशेब असा. प्रत्येक विभागात पुरुषांचा वाटा (एकूण पुरुष अर्जदारांपैकी किती टक्के तिथे) वजा स्त्रियांचा वाटा, गुणिले त्या विभागाचा प्रवेशदर. सहा विभागांची बेरीज केली की रचनेचा भाग मिळाला. पण थांबा, 'त्या विभागाचा प्रवेशदर' म्हणजे कोणाचा? पुरुषांचा की स्त्रियांचा?

पुरुषांचा घेतला तर रचनेचा भाग येतो 14.3 बिंदू, आणि दरांचा उणे 0.1. म्हणजे सगळी तफावत दारांच्या निवडीतून आली, वागणुकीत फरक शून्य. स्त्रियांचा घेतला तर रचनेचा भाग होतो 21.3 बिंदू, आणि दरांचा उणे 7.1. म्हणजे वागणूक स्त्रियांच्या बाजूने चांगलीच झुकलेली. डेटा तोच, बेरीज दोन्हीकडे 14.2 च. किटागावांनी दोन्हींची सरासरी घेतली होती. तशी घेतली तर 17.8 आणि उणे 3.6.

हा सात बिंदूंचा फरक कुठून आला? त्यातला मोठा भाग ए विभागातून. तिथे स्त्रियांचा दर पुरुषांपेक्षा वीस बिंदूंनी जास्त आहे. या वीस बिंदूंना वजन किती द्यायचं? तिथे अर्ज करणाऱ्या स्त्रिया होत्या एकूण स्त्रियांच्या सहा टक्के. ते वजन लावलं तर परिणाम 1.2 बिंदू. पुरुष होते एकतीस टक्के. ते वजन लावलं तर 6.2. पहिल्या हिशेबाचा प्रश्न असा होता: स्त्रियांनी जिथे अर्ज केले तिथेच केले असते, पण त्यांना पुरुषांचे दर लागू झाले असते, तर काय झालं असतं? दुसऱ्याचा: पुरुषांनी जिथे अर्ज केले तिथेच केले असते, पण त्यांना स्त्रियांचे दर मिळाले असते तर? दोन्ही रास्त प्रश्न आहेत. पण प्रश्न वेगळे आहेत.

तुमच्या आणि सहकाऱ्याच्या फाइलमध्ये नेमकं हेच झालंय.

रोनाल्ड वाहाका आणि अ‍ॅलन ब्लाइंडर यांनी 1973 मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हीच फोड रिग्रेशनवर आणली, म्हणजे शिक्षण-अनुभवाबरोबर पगार किती बदलतो हे सांगणाऱ्या समीकरणावर. (स्पेलिंग पाहून 'ओअक्साका' म्हणणारे पुष्कळ भेटतात, मेक्सिकोतल्या त्या राज्याच्या नावासारखाच उच्चार आहे, वाहाका.) पुरुषांसाठी एक रिग्रेशन, स्त्रियांसाठी दुसरं. दोन्हींत पगाराचा लॉग डावीकडे. शिक्षण, अनुभव वगैरे उजवीकडे. विभागाच्या वाट्याच्या जागी चलांची, म्हणजे शिक्षण-अनुभवासारख्या घटकांची, सरासरी येते आणि प्रवेशदराच्या जागी गुणांक येतो, म्हणजे चल एकाने वाढलं की पगार किती बदलतो तो आकडा. सरासरीतला फरक गुणिले गुणांक म्हणजे उलगडलेला भाग. गुणांकांतला फरक गुणिले सरासरी, अधिक स्थिरपदांतला (समीकरणातल्या सुरुवातीच्या ठरावीक आकड्यांतला) फरक, म्हणजे न उलगडलेला. आणि तिथेही तोच प्रश्न आ वासून उभा राहतो: गुणांक कोणाचे? वाहाकांनी स्वतः दोन्ही बाजूंनी हिशेब मांडला होता. नंतर लोक एकच आकडा द्यायला लागले, कारण अहवालाच्या पहिल्या पानावर एकच आकडा मावतो.

समजा पुरुषांना अनुभवाच्या एका वर्षामागे 3 टक्के वाढ मिळते आणि स्त्रियांना 2 टक्के, आणि पुरुषांचा सरासरी अनुभव चार वर्षांनी जास्त आहे. पुरुषांचे गुणांक घेतले तर अनुभवाने 12 टक्के तफावत उलगडते, स्त्रियांचे घेतले तर 8. सगळं पाणी इथे मुरतं. सहकाऱ्याने बहुधा स्त्रियांचे गुणांक घेतले असावेत, किंवा तुम्ही स्त्री-पुरुषांना एकत्र करून काढलेले घेतले असावेत. हे दुसरं असेल तर जरा जपून.

एकत्र केलेल्या गुणांकांमध्ये एक जुना खड्डा आहे, आणि मी त्यात पडलोय. स्त्री-पुरुष सगळ्यांचं मिळून एकच रिग्रेशन चालवायचं आणि ते गुणांक 'तटस्थ' मानायचे, ही कल्पना दिसायला न्याय्य वाटते. पण त्या रिग्रेशनमध्ये 'स्त्री' हा डमी, म्हणजे स्त्रीसाठी 1 आणि पुरुषासाठी 0 असा रकाना, घातला नाही तर दोन गटांच्या पगारातला जो सरळ फरक आहे तो कुठेतरी जाऊन बसणारच. तो अनुभवाच्या गुणांकात जाऊन बसतो, कारण अनुभव जास्त असलेले बरेचसे पुरुष आहेत. गुणांक फुगतो, त्याबरोबर उलगडलेला भाग फुगतो, आणि भेदभावाचा काही हिस्सा 'अनुभव' नावाच्या रकान्यात जमा होतो. डमी घातला की हे थांबतं. साध्या रिग्रेशनमध्ये तर त्या डमीचा गुणांक हाच न उलगडलेला भाग असतो, अगदी दशांशापर्यंत. बेन यान यांची 'स्टाटा' या सॉफ्टवेअरमधली कमांड वापरत असाल तर तिथे एकत्रित गुणांकांसाठी दोन वेगळे पर्याय आहेत, एकात डमी असतो आणि एकात नसतो. नावांवरून तो फरक कळत नाही म्हणून कोणता निवडलात ते एकदा बघा. तुमचे सत्तर टक्के मला तिथून आलेले वाटतात.

मग निवडायचं काय? मी विचारतो की आकडा वाचून काय बदलणार आहे. कंपनी म्हणत असेल की स्त्रियांचे पगार पुरुषांच्या नियमाने पुन्हा बसवायचे आहेत, त्याला खर्च किती येईल, तर पुरुषांचे गुणांक; दुसरा विचारच नको. सगळ्या पगाररचनेची फेरमांडणी होणार असेल तर डमीसह एकत्रित. आणि नुसतं 'तफावत का आहे' असं विचारत असतील तर मी दोन्ही टोकं देतो आणि त्यांच्यामधलं अंतर शब्दांत सांगतो. ते अंतर ही स्वतःच एक माहिती असते. बर्कलीत त्या अंतरानेच आपल्याला ए विभागाकडे नेलं.

आता ग्रेड. तुमच्या यादीत हा शब्द दिसला तिथेच मी थबकलो.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीसाठी मी असाच अभ्यास केला. ग्रेड घातली, विभाग घातला. उरलेला भाग इतका लहान निघाला की व्यवस्थापनाच्या सादरीकरणात मथळा आला, 'आमच्याकडे समान कामाला समान वेतन'. मथळा खोटा नव्हता. पण तिथे वरच्या दोन ग्रेडमध्ये बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांना डावललं जात असेल तर ते बढतीच्या पायरीवर, आणि ती पायरीच मी 'उलगडणाऱ्या' चलांत टाकून बसलो होतो. एका कर्मचारी बाईंनी सादरीकरणानंतर विचारलं, "सर, मला सीनियर केलं नाही हे तुमच्या कोणत्या रकान्यात आलं?" ते आलं होतं 'उलगडलेल्या' रकान्यात. तेव्हापासून मी प्रत्येक विघटन दोनदा करतो: एकदा फक्त नोकरीला लागतानाच्या गोष्टी घेऊन, म्हणजे शिक्षण, आधीचा अनुभव, रुजू झाल्याचं वर्ष, आणि एकदा ग्रेड-विभाग धरून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बढती आणि विभागवाटपातून वाहणारी तफावत. अहवालात दोन्ही शेजारी-शेजारी छापायचे.

'उलगडलेला' म्हणजे 'योग्य' नव्हे, हे बर्कलीवाल्यांनीही लिहून ठेवलं होतं. स्त्रिया अवघड दारांशी का गेल्या, याचं मूळ त्यांनी शाळा-कॉलेजातल्या गणितापर्यंत मागे नेलं. प्रवेश समित्या सुटल्या. त्यांच्या आधीची सगळी व्यवस्था सुटली नाही. उलट बाजूही खरी आहे: न उलगडलेल्या भागात भेदभाव असतो, पण तुमच्या फाइलमध्ये नसलेली प्रत्येक गोष्टही असते. मधली दोन वर्षं घरी काढली आणि फाइलमध्ये ती 'अनुभव' म्हणून मोजली गेली, असं पुष्कळदा होतं, कारण पुष्कळ कंपन्या अनुभव जन्मतारखेवरून आणि पदवीच्या वर्षावरून काढतात. म्हणून मी 'भेदभाव' हा शब्द तक्त्यात लिहीत नाही. मजकुरात, दुसरा पुरावा सोबत असेल तेव्हा, खुशाल लिहितो.

एकेका चलाचा वाटा स्वतंत्र सांगायचा मोह आवरा, निदान न उलगडलेल्या बाजूला. तिथे विभागासारखं वर्गवारीचं चल असेल तर तुम्ही पाया म्हणून अकाउंट्स धरलंत की सेल्स, त्यावर 'विभागाचा वाटा' बदलतो. उरलेलं स्थिरपदात सरकतं. एकूण बेरीज हलत नाही, पण तुम्ही 'विभागामुळे इतके टक्के' म्हणून छापलेला आकडा हलतो. वयातून 18 वजा करून घेतलं तरी तसंच. यावर दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आहेत, युन यांची 2005 ची सर्वांत चालते. पण तीही एक संकेतच आहे. उलगडलेल्या बाजूला ही अडचण नाही, तिथे वाटे निर्धास्त द्या. फक्त चलं एकामागून एक घालत जाऊन 'हे घातल्यावर इतकं कमी झालं' असं करू नका. क्रम बदलला की श्रेय बदलतं. जोना गेलबाख यांचा 2016 चा लेख याच दुखण्यावर आहे.

मग येतो समान पायाचा प्रश्न. बी विभागातल्या स्त्रियांचा 68 टक्के दर 25 अर्जांवर उभा आहे. दोघी-तिघींचा निकाल इकडचा तिकडे झाला की दर दहा बिंदूंनी हलतो. तुमच्या कंपनीत वीस वर्षं अनुभवाच्या प्लँट इंजिनियर बायका किती? एकही नसेल तर रिग्रेशन गप्प बसत नाही, ते सरळ रेषा पुढे ओढून उत्तर देतं. ह्यूगो न्योपो यांनी 2008 मध्ये याला जुळवणीचा उपाय दिला: ज्यांना दुसऱ्या गटात जोडीदारच नाही त्यांना वेगळं काढा आणि त्यांच्यामुळे किती तफावत येते ते स्वतंत्र सांगा. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण तिच्यात निदान लपवाछपवी नाही.

सरासरीपलीकडेही जायला हवं. डिनार्डो, फोर्टिन आणि लेमिये यांनी 1996 मध्ये पुनर्भारणाची युक्ती दिली: स्त्रियांच्या नमुन्याला अशी वजनं लावायची की त्यांची रचना पुरुषांसारखी दिसेल, आणि मग पूर्ण वितरणच शेजारी ठेवून पाहायचं. अमेरिकेत 1979 ते 1988 दरम्यान विषमता वाढली त्यात किमान वेतनाची किंमत घसरण्याचा मोठा हात होता, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, हे त्यांनी असं दाखवलं. सरासरीत ते बुडून गेलं असतं. भारतात अश्विनी देशपांडे, दीप्ती गोयल आणि शंतनू खन्ना यांनी पगारी नोकरदारांवर काम केलं तेव्हा तफावत खालच्या पगारांत जास्त निघाली, वर जाल तशी कमी. काचेच्या छतावर, म्हणजे वरच्या पदांआधी स्त्रियांना अडवणाऱ्या अदृश्य अडथळ्यावर, लेख लिहिणाऱ्यांनी पाय चिकटून बसलेल्या या फरशीकडेही बघावं. तुमच्या कंपनीत पगार दहा पट पसरलेले असतील तर एकदा वितरण काढाच.

मृत्युदरासारख्या गोष्टींसाठी मात्र साधी किटागावा पुरते, आणि लोक उगाच तोफा काढतात. 2020 च्या नमुना नोंदणीत (जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीत) केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी 7.0 आहे आणि बिहारचा 5.4. बिहारमध्ये जगणं जास्त सुरक्षित, असा अर्थ कोणी काढणार नाही. त्याच वर्षी अर्भकमृत्युदर केरळात 6 आणि बिहारमध्ये 27 होता. केरळात म्हातारी माणसं जास्त, इतकंच. वयोगट करा, दोन वजनांनी गुणा, झालं.

एक गोष्ट मात्र कोणतीच पद्धत सोडवत नाही, आणि ती मला मराठवाड्यात कळली. ऊसतोड मजुरांच्या वेतनात स्त्री-पुरुष तफावत काढून द्या, असं मला एकदा सांगण्यात आलं. प्रश्नावली छापलेली होती: नाव, वय, लिंग, मिळालेली मजुरी. पहिल्याच पालापाशी काम अडलं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्याची, टनाचा हिशेब होतो तो कोयत्याचा. एकट्या माणसाला तिथे 'अर्धा कोयता' म्हणतात. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, त्याआधी पहाटे भाकरी थापते. तिच्या नावावर वेगळी मजुरी अशी नाहीच. मी विचारलं, तुमचे किती आणि यांचे किती? बाई हसली आणि म्हणाली, "आमचं एकच असतं की." शेवटच्या रकान्यात मी निम्मे-निम्मे भरले असते तर विघटनात तफावत शून्य आली असती, आणि सॉफ्टवेअरने एकही चूक दाखवली नसती. मी तो रकाना रिकामा पाठवला आणि वेगळं टिपण जोडलं.

तुमच्या फाइलकडे परत. आधी एकत्रित रिग्रेशनमध्ये डमी होता का ते तपासा. मग ग्रेडशिवाय एकदा चालवा, पुरुषांचे आणि स्त्रियांचे गुणांक घेऊन दोन्ही टोकं काढा, प्रत्येक ग्रेडमध्ये बायका किती ते मोजा, आणि प्रमाणत्रुटी (आकडा किती डळमळीत आहे ते) बूटस्ट्रॅपने, म्हणजे त्याच फाइलमधून पुन्हा पुन्हा नमुने काढून, घ्या. सहकाऱ्याला त्याचा पर्याय विचारा. माझी पैज आहे की त्याच्याकडे स्त्रियांचे गुणांक असतील. आणि जमलं तर एचआरकडून गेल्या पाच वर्षांतली बढतीची यादी मागून घ्या: कोण पात्र होतं, कोणाचा विचार झाला, कोणाला मिळाली. ती यादी द्यायला ते टाळाटाळ करतील. तरी मागा, लेखी.